थांबा आणि मावशींचा आवाज

त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर रंगवलेलं होतं, पण ते कुणी वाचत नसे. सगळे त्याला ‘थांबा’ म्हणत. त्याला कारण होतं. कुणी बिघडलेला कॉम्प्युटर घेऊन यायचं, टेबलावर ठेवायचं आणि काय झालं ते सांगता सांगता भराभर बटणं दाबायला लागायचं. तेव्हा हा हात वर करून म्हणायचा, "थांबा." मग स्वतःही थांबायचा. मशीन सुरू करायचं, दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि नुसतं बघत बसायचं. गिऱ्हाईक खाकरायचं, चुळबुळायचं, शेवटी न राहवून म्हणायचं, "अहो, काहीतरी करा की!"

"करतोय," हा म्हणायचा. आणि आणखी थोडा वेळ काहीच करायचा नाही.

तरुणपणी तो एका मोठ्या दुरुस्ती केंद्रात होता. तिथे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध चालायचं. फॉरमॅट मारा, म्हणजे आत असेल नसेल ते सगळं पुसा, नव्याने भरा आणि पुढच्याला बोलवा. डोकं चालवायचं काम नाही. हा मात्र एकेका मशीनपुढे तासन्तास बसायचा. वरिष्ठ वैतागून म्हणाले होते, "दुरुस्त करायचंय तुला ते, त्याच्याशी संसार नाही मांडायचा." मग त्याने जिन्याखाली स्वतःचं दुकान टाकलं. तिथे कितीही वेळ बसलं तरी विचारणारं कुणी नव्हतं.

खरी गोष्ट अशी की एवढी वर्षं काढूनही या माणसाचं नवल संपलं नव्हतं. आपण एक बटण दाबतो आणि पडद्यावर एक अक्षर उमटतं, तेवढ्यासाठी आत किती जणांनी किती निरोप पोचवलेले असतात, कोण कुणासाठी वाट सोडून उभं असतं, याचा विचार करताना त्याचा चहा गार व्हायचा. "बिघडलं म्हणून लोक रडतात," तो बायकोला सांगायचा, "अगं, हे चालतंच कसं, ते बघ ना!" बायको म्हणायची, "त्या पडद्याकडे बघता तसं एकदा माझ्याकडे बघितलं असतं तर मी पण चालले असते नीट."

एका सकाळी दुकानात एक तरुण बाई आली. हातात मशीन नव्हतं, पिशवीही नव्हती.

"घरी याल का? तो कॉम्प्युटर सासूबाई हलवू देत नाहीत."

"का बरं?"

"त्या त्याच्यातून बोलतात," ती म्हणाली.

घर जवळच होतं, चार मजले चढून. खिडकीशी एक वयस्कर बाई बसल्या होत्या. गळ्याभोवती मऊ रुमाल, मांडीवर कीबोर्ड, शेजारी टेबलावर जुनाट कॉम्प्युटर आणि दोन छोटे स्पीकर. त्यांनी त्याच्याकडे बघून मान हलवली, दोन बोटांनी टाइप केलं, आणि स्पीकरमधून आवाज आला, "या. बसा."

आवाज बाईचाच होता, पण पातळ आणि टोकदार. ताटलीवर सुरी घासावी तसा. मग त्या सुनेकडे वळल्या. "चहा ठेव." शब्द साधे होते, पण खोलीत हुकमासारखे पडले. सून दचकली आणि लगबगीने आत गेली. बिचारीला रोजची सवय असावी, असं त्याला वाटलं.

"साखर," आवाज पुढे म्हणाला, "सा-सा-सा-सा-सा," आणि तिथेच अडकला. पडदा निळा झाला, मग काळा. मावशींची बोटं अजून चालत होती. तोंडही उघडं होतं. त्यातून मात्र काहीच येत नव्हतं.

मुलगा ऑफिसला न जाता थांबला होता. त्याने सगळं सांगितलं. घशाच्या ऑपरेशनमध्ये आईचा आवाज जाणार हे आधीच कळलं होतं. म्हणून ऑपरेशनपूर्वी एका कंपनीने तिच्याकडून हजारो वाक्यं वाचून घेतली आणि त्यातून तिचा आवाज तयार केला. ती टाइप करते, कॉम्प्युटर तिच्या आवाजात बोलतो. आता ती कंपनी बंद पडली. आवाज या एकाच मशीनला बांधलेला, दुसरीकडे उचलून नेता येत नाही. गेल्या काही आठवड्यांपासून मशीन दिवसातून कितीदा तरी कोसळतं.

"दोन दुकानांतून विचारलं, काका. दोघंही म्हणाले फॉरमॅट मारा." मुलाने आवाज खाली आणला. "फॉरमॅट मारला तर आई परत मुकी."

मावशींना सगळं ऐकू येत होतं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

"आधी काय करायच्या मावशी?"

"बसस्थानकावर घोषणा करायची आई. निवृत्त होईपर्यंत."

थांबाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो आवाज! गावातल्या कुठल्या माणसाला तो माहीत नव्हता? भोंग्यातून यायचा, पण कानाशी बसून कुणी सांगतंय असं वाटायचं. भरलेला, संथ, थोडासा खालच्या पट्टीतला. गाडी उशिरा येणार हेही त्या आवाजात ऐकावंसं वाटे. आणि प्रत्येक घोषणेच्या शेवटी ती बाई पदरचे दोन शब्द घालायची, "सावकाश चढा." नियमात ते बसत नव्हतं, वरचे लोक कुरकुरायचे म्हणे. पण तिने ते सोडलं नाही. थांबा या गावात पहिल्यांदा उतरला होता तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. बाकावर बसून त्याने त्या आवाजाच्या कितीतरी घोषणा नुसत्याच ऐकल्या होत्या, कुठे जायचं नसताना.

आणि त्या आवाजाचं हे झालं? वय, आजार, मशीन, कशाकशाला दोष द्यायचा? खुर्ची ओढून तो बसला, त्याने मशीन सुरू केलं आणि हात मांडीवर ठेवले.

मुलगा पुढे सरसावला, "इथे क्लिक केलं की..."

"थांबा," तो म्हणाला.

बराच वेळ त्याने बघितलं. सुरू होतानाच मशीनला धाप लागत होती. कोपऱ्यातून एकामागून एक खिडक्या डोकावत होत्या. एक म्हणे तुमचं रक्षण करतेय, दुसरी म्हणे मी आहे ना, तिसरी म्हणे कचरा साचलाय, चौथी म्हणे तुमचे ड्रायव्हर जुने झालेत. बोलणाऱ्या बाईला बोलू देतील तर शपथ.

मग त्याने त्याचा नेहमीचा प्रश्न विचारला. "काय बिघडलं" असं तो कधी विचारायचा नाही, कारण त्यावर माणसं लगेच दुसऱ्याकडे बोट दाखवतात. त्याने विचारलं, "याच्या भल्यासाठी कुणी कुणी काय काय केलंत?"

आधी मुलगा बोलला. आईच्या मशीनमध्ये व्हायरस शिरू नये म्हणून त्याने एक चांगला अँटीव्हायरस घातला होता. शिवाय ड्रायव्हर आपोआप नवे करणारा एक प्रोग्रॅम. सून चहा घेऊन दारात उभी होती. तिनेही मान खाली घालून सांगितलं, "मी एक सफाईवाला घातला. त्याच्याबरोबर अजून एक अँटीव्हायरस फुकट आला. आईंचं मशीन हळू चालायचं ना, त्यांची चिडचिड व्हायची. म्हटलं, हळूच करून टाकावं."

"मला बोलली नाहीस," मुलगा म्हणाला.

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

"दोघांनी मायेनेच केलंत," थांबा म्हणाला. "पण दारावर दोन पहारेकरी ठेवलेत आणि एकमेकांची ओळखच करून दिली नाहीत. मावशी एक शब्द टाइप करतात. पहिला त्याची झडती घेतो. दुसरा त्या पहिल्यालाच चोर समजून धरतो. शब्द बिचारा उंबऱ्यात उभा."

मावशींचे खांदे हसताना हलले. आवाज नव्हता, पण हसू होतं.

त्याने मशीन सेफ मोडमध्ये सुरू केलं. म्हणजे जगण्यापुरतं जेवढं लागतं तेवढंच आत घ्यायचं, बाकी सगळ्यांना दाराबाहेर ठेवायचं. पडदा उघडला, साधा, मोठ्या अक्षरांचा. मशीन शांत. धाप नाही, अडखळणं नाही. मावशींनी टाइप केलं, अक्षरं झरझर उमटली. स्पीकरमधून मात्र काहीच आलं नाही, कारण सेफ मोडमध्ये आवाजही दाराबाहेरच राहतो.

थांबा त्या पडद्याकडे बघत राहिला, मग मावशींकडे. आतून सगळं धड, नुसता आवाज नाही. मशीन आणि मावशी शेजारी शेजारी, आणि दोघांचंही तेच होतं. त्याला भरून आलं, आणि ते लपवायला त्याने गार चहा एका घोटात संपवला.

"मशीनला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "भांडण बाहेरून आत आलेल्यांचं आहे."

मग त्याचं निम्म्या-निम्म्याचं काम सुरू झालं. आलेल्यांपैकी निम्मे बंद ठेवायचे, निम्मे सुरू करायचे, आणि भांडण कुठल्या निम्म्यात होतंय ते बघायचं. त्या निम्म्याचे परत निम्मे. कंटाळवाणं काम. दर वेळी मशीन बंद करा, सुरू करा, मावशींना एक वाक्य बोलायला सांगा. दोन अँटीव्हायरसांपैकी एकच ठेवला, सफाईवाला काढला, ड्रायव्हर बदलणारा काढला. मशीन हलकं झालं. आवाज सलग येऊ लागला. मुलाने टाळी वाजवली. सुनेने पुन्हा चहा टाकला. थांबालाही वाटलं, जमलं.

"धन्यवा-वा-वा-वा-वा," मावशींचा आवाज म्हणाला, आणि पडदा निळा झाला.

थांबाचे कान लाल झाले. घाई केली होती त्याने, आणि तीही त्याने! त्याने परत हात मांडीवर ठेवले.

या खेपेला त्याने एक गोष्ट लक्षात घेतली. मशीन दर वेळी बोलताना पडत होतं. टाइप करताना नाही, नुसतं बसलेलं असताना नाही. मग तो आवाजाच्या वाटेने आत शिरला. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेली वस्तू यांच्यामधला दुभाषा. आवाजाचा दुभाषा अगदी नवा होता, मुलाच्या प्रोग्रॅमने आणून बसवलेला. आणि त्या दुभाष्याच्या पुढ्यात आणखी एक जण बसला होता. एक लहानसा जुना प्रोग्रॅम. मावशींचं प्रत्येक वाक्य आधी त्याच्या हातात जायचं, तो त्यात काहीतरी करायचा, आणि मग पुढे द्यायचा. जुन्या दुभाष्याशी त्याचं जमत होतं. नव्याची भाषा त्याला कळत नव्हती. दोघं एकाच वाक्याला धरून ओढायचे आणि मशीन कोसळायचं.

"जुना ड्रायव्हर परत बसवू, झालं," मुलगा म्हणाला.

थांबाने शोधला. मशीन जुन्या ड्रायव्हरची एक प्रत जपून ठेवतं. ती नव्हती. सफाईवाल्याने अडगळ समजून फेकून दिली होती. बनवणाऱ्यांकडेही आता मिळत नव्हती.

"म्हणजे माझ्यामुळे," सून म्हणाली.

"नवा मी आणला, म्हणून तुझ्यानं जुना फेकला गेला," मुलगा म्हणाला. इतक्या वेळात पहिल्यांदाच तो तिच्या बाजूने बोलला होता.

"हा छोटा प्रोग्रॅम कुणी घातलाय?" थांबाने विचारलं.

दोघांनी मावशींकडे बघितलं. मावशींनी भिंतीकडे. भिंतीवर एका हसऱ्या माणसाचा फोटो होता, हातात स्क्रू ड्रायव्हर.

"बाबांनी," मुलगा म्हणाला.

बाबा त्याच बसस्थानकावर भोंग्यांचे मेकॅनिक होते. आई बोलायची, बाबा तो आवाज फलाटाच्या टोकापर्यंत पोचवायचे. लग्नही तिथेच जुळलं. कंपनीकडून आवाज आला तेव्हा बाबांनी दार लावून घेऊन मशीन एकट्याने जुळवलं होतं, आई दवाखान्यात होती तेव्हाच. आई घरी आली तेव्हा सगळं तयार. आवाज जरा चिरका वाटला, पण मशीनचा आवाज असाच असणार, असं सगळ्यांनी धरलं. त्यानंतर वर्षभराने ते गेले.

"जाण्यापूर्वी मला बजावलं होतं," मुलगा म्हणाला. "बाकी काही करा, पण हे काढू नका. हे काढलं तर तिचा आवाज जाईल."

थांबाने तो प्रोग्रॅम तात्पुरता बंद करून बघायचा प्रयत्न केला. ते बटण दाबलं की मशीन पडायचं. परत बसवायला मूळ प्रत होती का? नव्हती. एकदा काढलं की काढलं. त्याने तो प्रोग्रॅम उघडून बघितला. खालीवर सरकणाऱ्या पट्ट्यांची एक रांग होती, कुठली तळाला, कुठली पार वर. त्याने मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला, का ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

"काढल्यावर काय राहील?" मुलाने विचारलं.

"मला माहीत नाही," थांबा म्हणाला. "ज्यांनी बसवलं ते यातले जाणकार होते. ते उगाच बोलले नसणार. पण ठेवलं तर मशीन पडतच राहणार, आणि पडता पडता एक दिवस सगळंच घेऊन जाईल. मी सांगणार नाही काय करायचं. मावशींचा आवाज आहे."

त्याने सेफ मोड सुरू करून कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी बराच वेळ फोटोकडे बघितलं. नवऱ्याने शेवटचं म्हणून सांगितलेलं मोडायचं होतं. मग मुक्या पडद्यावर अक्षरं उमटली: अर्धं वाक्य बोलून मरण्यापेक्षा जे व्हायचं ते एकदा होऊ दे. काढा.

त्याने काढलं.

मशीन सुरू झालं. पडदा उघडला. सगळे उभे होते, सून दारात, हातातलं फडकं पिळत. मावशींची बोटं कीबोर्डवर अधांतरी राहिली. त्यांनी सुनेकडे बघितलं आणि टाइप केलं.

"अगं, सकाळपासून तू काही खाल्लं नाहीस. आधी खाऊन घे."

तो आवाज!

थांबाने डोळे मिटले. तोच. भरलेला, संथ, खालच्या पट्टीतला, कानाशी बसून सांगणारा. ज्याच्यासाठी तो बाकावर बसून राहिला होता तोच, जराही न झिजलेला. इतकी वर्षं तो या टेबलावर, या पत्र्याच्या पेटीत, जसाच्या तसा बसून होता. मुलगा मटकन खाली बसला. "आई," एवढंच त्याच्या तोंडून आलं.

सून मात्र हलली नाही. ती या घरात आली ती ऑपरेशननंतर. हा आवाज तिने घरात कधी ऐकलाच नव्हता.

"आई, परत बोला," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. चहा ठेव म्हणा."

"चहा ठेव," आवाज म्हणाला, आणि त्यात हुकूम औषधालाही नव्हता.

सुनेला रडू फुटलं. "मला वाटायचं तुम्ही माझ्यावर कायम चिडलेल्या असता. माहेरी सांगायचे मी, बोलतात तेव्हा अंगावर येतात म्हणून."

मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. मग टाइप केलं, "मला वाटायचं तू मला घाबरतेस. का, ते कळायचं नाही."

थांबाने मोबाइल काढला आणि मघाचा फोटो पुन्हा बघितला. खालच्या, भरीव स्वरांच्या पट्ट्या पार तळाला दाबलेल्या. वरच्या, टोकदार स्वरांच्या पट्ट्या टोकाला नेलेल्या. जाणकार माणूस आवाज असा का बिघडवेल? त्याने फोटो मावशींपुढे धरला.

"मावशी, त्यांना कमी ऐकू यायचं का?"

मावशींचा हात गळ्यावरच्या रुमालाकडे गेला. मग त्या सावकाश टाइप करू लागल्या आणि तो सुंदर आवाज बोलू लागला. "आयुष्यभर भोंग्यांच्या तोंडाशी काम केलं. कान गेलेच होते. कबूल करायचे नाहीत. मेकॅनिकचे कान गेले म्हणजे काय राहिलं, म्हणायचे. मी काही म्हटलं की ऐकू येतंय, ऐकू येतंय." बोटं थांबली. परत चालू लागली. "मी दवाखान्यात होते. एकटे बसून त्यांनी एकेक पट्टी सरकवली असेल. मी ऐकू येईपर्यंत."

हे काढलं तर तिचा आवाज जाईल, हे ते खरंच म्हणाले होते. त्यांच्यासाठी तो गेलाच असता.

थांबा उठला. त्याला तिथे आणखी थांबवेना. त्याने तो फोटो मुलाच्या मोबाइलवर पाठवला, जपून ठेवा म्हणाला, आणि दोघांना बजावलं की आता मशीनवर प्रेम करायचं असेल तर एकमेकांना विचारून करा. सून हसली, डोळे पुसत. त्याने पायात चपला सरकवल्या आणि बाहेर पडला.

जिना अरुंद होता आणि खिडकीतल्या दुपारच्या उजेडातून आल्यामुळे काही दिसत नव्हतं. तो पहिल्या वळणावर पोचला असेल, तेवढ्यात वरून, उघड्या दारातून, आवाज आला.

"जिन्यात अंधार आहे," तो आवाज म्हणाला. मग थोडा थांबून, पदरचे दोन शब्द घालून, "सावकाश उतरा."

तो तिथेच उभा राहिला. हात कठड्यावर, डोळे भरलेले. मग एकेक पायरी बघत तो सावकाश उतरला.